आत्माराम मिस्तरींचा सढळ हात

आत्माराम मिस्तरी रिक्षाचा आजार नाकाने ओळखायचे. गाडी आली की ते आधी पुढे जायचे नाहीत, मागे जायचे. धोतर सावरून उकिडवे बसायचे, सायलेन्सरपाशी ओंजळ धरायचे आणि त्यातला धूर नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. मग निदान. रिंग गेली. प्लग काळा पडला. "यामां घासलेट टाकेल शे," असं एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याला त्याच्या तोंडावर सांगितलं. तो आईची शपथ घेऊ लागला, तर मिस्तरी शांतपणे म्हणाले की शपथेनं घासलेटना वास जात नही.

आम्ही राहायचो सुरतेजवळ उधन्यात आणि माझी शाळा होती भेस्तानला. मी मूळचा बुलढाण्याकडचा, मराठी शाळेतला मास्तर. सकाळी शटल रिक्षा पकडायची, म्हणजे तिघांच्या जागेत सहा जणांनी अंग चोरून बसायचं, आणि धुरात डोळे चोळत शाळेत पोचायचं, हा माझा नेम. शटलचा थांबा मिस्तरींच्या गॅरेजसमोरच होता. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेल्या टायरी. शेजारी त्यांची बायको लीलामावशी स्टोव्ह मांडून रिक्षावाल्यांसाठी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी करायची. दोघं अमळनेरकडचे. कापडाच्या लूमवर काम करायला म्हणून सुरतेला आले होते, पण मिस्तरींना लूमच्या खडखडाटात झोप येईना, तर ते इंजिनाच्या फटफटाटात येऊन बसले. त्यांना हा विनोद आहे असं कधी वाटलं नाही.

त्यांच्या सढळ हाताबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या हाताने केलं.

रिक्षाच्या त्या जुन्या इंजिनांना पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागायचं. त्याचं माप ठरलेलं असतं. मिस्तरींनी ते माप आयुष्यात पाळलं नाही. खानदेशात जेवणावळीत वरण-बट्टीवर तूप वाढणारा जसा पाहुण्याच्या ताटापाशी धार धरून उभा राहतो आणि पाहुणा ताटावर हात आडवा धरेपर्यंत हलत नाही, तसे हे टाकीवर तेलाचा डबा धरून उभे राहायचे. रिक्षावाल्याने टाकीच्या तोंडावर हात आडवा धरला की मगच थांबायचे. आणि फुकटचं तेल मिळतंय म्हटल्यावर हात आडवा कोण धरणार? मी एकदा विचारलं, मिस्तरी, माप नाही का काही? तर मलाच वेड्यात काढलं.

"तेल मोजीसन टाकाले मी काय दुकानदार शे का, सर? इंजिन बी पाव्हनाच शे. नको म्हनत नही तोपावत वाढत ऱ्हावं."

इंजिन काही नको म्हणत नसे. ते सगळं जाळायचं आणि न जळलेलं मागून पांढऱ्या-निळ्या लोटात सोडायचं. मिस्तरींकडची गाडी लांबून ओळखू यायची. बाकीच्यांच्या मागे धुराची रेघ, यांच्या गाडीमागे धुराचं शेपूट. रिक्षावाल्यांना त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या शटलचा धनसुख सांगायचा की एवढा धूर म्हणजे इंजिन पोटभर जेवलेलं आहे, आता ते कधी जाम व्हायचं नाही. आणि खरंच व्हायचं नाही. नाक्यावरच्या निम्म्या रिक्षा मिस्तरींच्या हातच्या झाल्या.

प्लेगच्या वर्षाची गोष्ट. त्या दिवसांत सुरत कशी रिकामी झाली ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आमच्या चाळीतली माणसं कुलपं लावून मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. मलाही पळायचं होतं, पाचावर धारण बसली होती, पण बायकोला नववा महिना लागलेला आणि स्टेशनातली गर्दी पाहून मी परत फिरलो. राहिली आमची पाच-सहा घरं. तोंडाला फडकी, दारात लिंबाचा पाला. कुणी खोकलं की शेजारची दारं लागायची.

मिस्तरी गेले नाहीत. त्यांनी भंगारातल्या एका स्कूटरचं इंजिन काढलं, हातगाडीवर बसवलं, त्यात नेहमीपेक्षाही सढळ हाताने तेल ओतलं आणि रोज सकाळी ती हातगाडी चाळीतून फिरवू लागले. पांढराशुभ्र धूर. गल्ली दिसेनाशी व्हायची. "धूर ल्या, धूर ल्या, किडा मरी जाई," असं ओरडत ते पुढे आणि हातगाडी ढकलत लीलामावशी मागे. बाया लेकरांना घेऊन दारात यायच्या आणि पोरांची तोंडं धुराकडे करायच्या. माझी बायको पोटावर पदर घेऊन उभी राहायची आणि मी तिला म्हणायचो, जरा खोल श्वास घे. हे मी, शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, म्हणत होतो. भीती वाटली की शिकलेलं सगळं विसरतं, आणि धूर म्हणजे शुद्धी हे तर आपल्याला धूप-उदाच्या वासापासून ठाऊक असतं.

आमच्या चाळीत कुणाला प्लेग झाला नाही. त्याचं श्रेय हातगाडीला मिळालं. गावाहून परतलेल्या लोकांनी मिस्तरींना नारळ दिला, आणि त्यांनी तो लीलामावशीच्या हातात दिला, कारण हातगाडी तिने ढकलली होती. धुराच्या सगळ्यात जवळ तीच होती.

तिचा खोकला त्याच थंडीत सुरू झाला. आधी कुणी लक्ष दिलं नाही. नाक्यावर बसणारं कोण खोकत नाही? पुढच्या वर्षी तिला चार पावलांवर दम लागू लागला. तोवर रिंग रोडपासून भेस्तानपर्यंत रहदारी दुप्पट झाल्यासारखी वाटत होती. कडोदऱ्याकडून कापडाचे टेम्पो, बारडोलीकडून येणारे ट्रक, कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की हजारो माणसं एकदम रस्त्यावर, आणि त्यांना वाहून नेणाऱ्या आमच्या रिक्षा. रेल्वेचं फाटक बंद झालं की हे सगळं एका जागी उभं राहून धूर सोडायचं. गाडी बंद करायची रीतच नव्हती. पुन्हा चालू झाली नाही तर? थंडीत तो धूर वरही जायचा नाही. डोक्याएवढ्या उंचीवर छत धरल्यासारखा थांबायचा आणि लीलामावशी त्या छताखाली भाकरी थापायची. घरी गेल्यावर मी नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं. मला त्या रुमालाची भीती वाटायची. पाण्याची धास्ती वाटली तर माणूस पाणी उकळून पितो. हवेचं काय करायचं?

मिस्तरी घाबरलेले मी पहिल्यांदा पाहिले ते एका सकाळी. इंजिनाचा आतला आवाज ऐकायचा तर ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. त्या दिवशी शटलची वाट पाहत मी उभा होतो, तर ते लीलामावशीच्या पाठीला कान लावून बसले होते. भर नाक्यावर, चारचौघांत. ती लाजून सरकत होती आणि ते तिला धरून ठेवत होते. मला पाहिल्यावर उठले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, इंजिनना आवाज माले कळस. हिना कळत नही. आत काही तरी शिट्टी वाजस."

मला स्वतःला खोकला होताच, म्हणून मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. फाटकाच्या पलीकडे त्यांचा दवाखाना. गुजराती माणूस, कमी बोलणारा. त्यांनी मावशीला तपासलं आणि मिस्तरींना विचारलं, "घरमां कोई बीडी पीए छे?" नाही. चूल? नाही, स्टोव्ह. मग बसता कुठे दिवसभर? मिस्तरींनी अभिमानाने सांगितलं की नाक्यावर, माझ्याजवळ, माझं गॅरेज आहे. डॉक्टरांनी मिस्तरींच्या तेलकट हातांकडे बघितलं. मग त्यांनी समजावलं की तेल जास्त झालं की ते जळत नाही, धुरातून बारीक होऊन छातीत जातं, आणि यांची छाती आता आणखी काही सोसणार नाही. यांना या हवेतून काढा, असं ते दोनदा म्हणाले.

परत येताना मिस्तरी नाक्यावर थांबले आणि जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षांकडे पाहत राहिले. एक पांढरं शेपूट गेलं, मग दुसरं, मग तिसरं. ती सगळी त्यांनीच जेवू घातलेली होती. माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते तेल मोजू लागले. मावशीच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं ना, त्याने. वाकून, डोळा झाकणाच्या पातळीला आणून. जो हात आयुष्यभर धार धरून उभा राहिला होता तो झाकणं मोजताना बघवत नसे. रिक्षावाल्यांनाही बघवलं नाही. म्हातारा कंजूस झाला, असं ते म्हणू लागले. मिस्तरी एकेकाला धरून सांगायचे की बाबा रे, हा धूर माणसांच्या छातीत जातो, मनी बायकोले पाह्य. ते मान डोलवायचे, मावशीची चौकशी करायचे, आणि समोरच्या नव्या मिस्तरीकडे जाऊन टाकी पोटभर भरून घ्यायचे. त्यांचंही काय चुकलं? इंजिनाला तेल कमी पडलं तर ते जाम होतं, ही भीती त्यांना मिस्तरींनीच घातली होती. धनसुख मला म्हणाला की मिस्त्री देवमाणूस आहेत, पण गाडी माझी आहे.

मिस्तरींनी मावशीला नंदुरबारला मुलीकडे पाठवलं. तिथे ती चांगली झाली. जिना चढली, विहिरीवर गेली, असं मुलीने कळवलं, आणि मिस्तरींनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. पंधरा दिवसांनी मावशी आपली पिशवी घेऊन परत हजर. मिस्तरी तिच्यावर ओरडले, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. ती स्टोव्हला पंप मारत म्हणाली, "तठे हवा चांगली शे. पन तुमले भाकर कोन करी देई?"

मग मिस्तरींनीच ठरवलं की सुरत सोडायची. दोघांनी जायचं, कायमचं, संक्रांत झाली की. हत्यारं पोत्यात बांधून झाली होती. मावशीने नाक्यावर बसणं बंद केलं. घराच्या खिडक्यांना मिस्तरींनी ओली गोणपाटं लावली आणि तिच्याजवळ कुठलंही इंजिन चालू करायचं नाही असा नेम धरला. कुणी रिक्षा घेऊन दारापर्यंत आला तर ते काठी घेऊन धावायचे. लोक हसायचे. मी हसलो नाही, कारण रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना मीही थांबून आतून खोकल्याचा आवाज येतो का ते ऐकायचो. आला की जिवात जीव यायचा.

आता ती सकाळ. आधीच सांगून टाकतो, लीलामावशी त्या दिवशी वारली. मला ते संध्याकाळी कळलं. सकाळी मला काहीच कळलं नव्हतं, आणि हेच मला आजवर सोसत नाही.

संक्रांतीला चार दिवस होते. धुकं आणि धूर एकत्र झाले होते, समोरच्या टेम्पोचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी धनसुखच्या शटलमध्ये कडेला बसलो होतो. फाटकाच्या अलीकडे पाहतो तर मिस्तरी गॅरेजातली एक रिक्षा हाताने ढकलत चाललेले. एक हात हॅन्डलवर, खांदा दांड्याला लावलेला, आणि आत लीलामावशी, तोंडावर ओला पदर. तिला पहाटेपासून श्वास मिळत नव्हता आणि ते तिला दवाखान्यात नेत होते. गाडी चालू केली तर तिचा धूर आत येईल, म्हणून त्यांनी ती चालूच केली नव्हती. घरून निघाले तेव्हा फाटक उघडं होतं. इंजिन सुरू केलं असतं तर ते तेव्हाच पलीकडे पोचले असते.

हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की मिस्तरींची गाडी बंद पडली आहे. मी धनसुखला म्हणालो, अरे, आपले मिस्तरी आहेत, धक्का दे.

धनसुख खुशीने वळला. "मिस्त्री, तमे फक्त हॅन्डल पकडो, धक्को हुं मारी आपुं," असं ओरडून त्याने चालत्या रिक्षातून एक पाय बाहेर काढला आणि त्यांच्या गाडीला मागून टेकवला. गाडीने वेग घेतला. मिस्तरींना उडी मारून पुढे बसावंच लागलं, नाहीतर हॅन्डल सुटलं असतं. ते वळून वळून मागे हात करत होते. आम्हाला वाटलं नको नको म्हणताहेत, संकोच करताहेत. तेवढ्यात दुसऱ्या एका रिक्षावाल्याने ओळखलं आणि तो डाव्या बाजूने आला. तिसरा पुढे जाऊन हॉर्न वाजवत वाट मोकळी करू लागला. सगळी त्यांची जुनी गिऱ्हाइकं, त्यांच्या हातचं खाल्लेली. मिस्तरींची गाडी बंद पडली म्हणजे काय, अशी थट्टाही चालली होती. मागे धूर, डावीकडे धूर, पुढे धूर, आणि मध्ये ती.

फाटक बंद झालं. आम्ही सगळे त्यांना वेढून उभे राहिलो, इंजिनं चालू ठेवून.

तेव्हा कुठे त्यांचा आवाज ऐकू आला. "बंद करा रे भो गाड्या, बंद करा." मी उतरून जवळ गेलो. मावशीचे ओठ जांभळे पडले होते. ती श्वास घ्यायला सगळं अंग उचलत होती आणि आत काही जात नव्हतं. मिस्तरी तिच्या अंगावर ओणवे झाले होते, सदऱ्याचं टोक तिच्या नाकाशी धरून. मग मी धावलो. प्रत्येक रिक्षापाशी, टेम्पोपाशी जाऊन हात जोडले, गाडी बंद करा म्हणालो. काहींनी केली, काहींनी माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. पण रिक्षावाल्यांनी मात्र, मिस्तरींच्या बायकोचं नाव ऐकताच, झाडून सगळ्यांनी इंजिनं बंद केली. धूर जरा निवळलाही. मालगाडी धडधडत जात होती, तिचे डबे संपत नव्हते आणि मला वाटलं, निभावलं.

मग फाटक उघडलं. गार पडलेली, तेलाने तुडुंब भरलेली ती इंजिनं सगळ्यांनी एकदम चालू केली. इंजिन चालू करायचे लिव्हर ओढल्याचे आवाज मला अजून ऐकू येतात. प्लेगच्या वर्षी हातगाडीतून निघायचा त्याहून दाट लोट एका वेळी उठला. मला माझा हात दिसेना. मी मिस्तरींच्या नावाने हाका मारत होतो आणि तोंड उघडलं की धूर आत जात होता.

लोट पांगला तेव्हा पुढची वाहनं रुळांपलीकडे निघून गेली होती. मिस्तरी पुन्हा खाली उतरून गाडी ढकलत होते. मावशीचं डोकं एका बाजूला कललं होतं, थकून डोळा लागला असेल असं मला वाटलं. खोकत नव्हती, म्हणून मला बरंच वाटलं. मी मागून हात लावला. रूळ ओलांडताना चाक आपटलं, तसं त्यांनी दोन्ही हातांनी गाडी अलगद उचलल्यासारखी पुढे घेतली. पलीकडे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, पण ते सगळ्यांचेच होते.

"सर, तुम्ही जा," ते म्हणाले. "शाळाले उशीर व्हई."

दवाखाना समोर दिसत होता. मला वाटलं, आता पोचलेच. घड्याळात पाहिलं, पहिली घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मागे धनसुख इंजिन चालू ठेवून माझ्यासाठी थांबला होता. मी जाऊन शटलमध्ये बसलो, शेजारच्याने सरकून जागा दिली आणि आम्ही भेस्तानच्या रस्त्याला लागलो.